कपाटावरचा चाफा

श्रोतेहो, नमस्कार. आज चाफ्याविषयी बोलणार आहे. सोनचाफा नव्हे, कवठीचाफा नव्हे. देवळाच्या आवारात असतो तो, पांढरा, पोटात पिवळा. कुणी देवचाफा म्हणतं, कुणी खुरचाफा. मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचा, पण आता आपल्या अंगणातलाच झालाय.

लहान अंगणाला बारा महिने शोभणारं एकच झाड सांगा म्हटलं, तर मी चाफा सांगेन. थंडीत पानं झडली की राखाडी फांद्या सांबरशिंगांसारख्या दिसतात. चैत्रात त्या उघड्या टोकांवर फुलं येतात. पावसात हातभर लांब पानांची गर्द छत्री होते.

आता माझ्या आत्याची फांदी. आत्या रत्नागिरीकडची. आम्ही पुण्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा माघात तिनं हातभर फांदी तोडली, चीक गळू दिला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. म्हणाली, "आठ दिवस सुकव, मग लाव." सामानाच्या गडबडीत ती कपाटावर पडली आणि मी साफ विसरले. दीड-दोन महिने गेले. चैत्रात एका रात्री खोलीत वास सुटला. उदबत्ती नाही, अत्तर नाही. स्टुलावर चढून बघितलं, तर कागद फाडून टोक बाहेर आलेलं आणि त्यावर दोन फुलं, पाच-सहा कळ्या! माती नाही, पाणी नाही, मूळ नाही. साल मात्र सुरकुतून गेली होती. जाड फांदीत साठवलेल्या पाण्यावर तिनं फुलं काढली होती.

आनंदानं आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगो, फुलं खूड आधी! सगळा जीव फुलांत गेला तर मुळं कशी धरायची?" खुडताना हात धजेना. देव्हाऱ्यात वाहिली ती फुलं. फांदी तेलाच्या डब्यात, वाळू घातलेल्या मातीत खोचली.

तेव्हा लक्षात ठेवा, फांदी आधी सुकवायची, मग लावायची. ओली लावली की बुडाशी कुजते. पाणी बेतानं. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, ती पानं काढून टाका. आणि बुंध्याभोवती माती मोकळी हवी. हल्ली सोसायट्यांमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात, झाडाला ताटलीएवढीही जागा ठेवत नाहीत. मला ते मुळीच पटत नाही. पाऊस पडायचा तरी कुठे?

हो, वासाचं राहिलं. चाफा रात्री जास्त दरवळतो, तो पतंगांसाठी. फुलात मध मात्र थेंबभरही नसतो.

डब्यातली ती फांदी आज पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलीय. या माघात शेजारच्या सूनबाईंना एक फांदी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. आठ दिवस सुकव, मग लाव, असं दोनदा सांगितलं. ती त्यांनी कपाटावर ठेवलीय.