पुढचं बघून उडणारा थवा

पाच छोटे ड्रोन डोळ्यांसमोर आणा, एकेकाचं वजन फक्त 27 ग्रॅमच्या आसपास, तळहातावर आरामात मावतील. ही लोझानमधली, म्हणजे स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेची लॅब. खोलीत मधेमधे अडथळे उभे केलेत, नकली जंगलच समजा, आणि पाचही जणांना थव्यानेच, एकमेकांना न धडकता पलीकडे जायचंय.

वाटतं तेवढं सोपं नाहीये. 1987 मध्ये क्रेग रेनॉल्ड्सने कॉम्प्युटरवर पाखरांचा थवा उडवून दाखवला, नियम तीनच: शेजाऱ्याला चिकटू नको, तो जातोय तिकडेच चल, थव्यापासून लांब पडू नको. पुढे ड्रोनलाही हेच शिकवलं गेलं, शेजारी थोडा ओढणार, अडथळा ढकलणार, आणि या ओढाताणीतून जी दिशा निघेल तिकडे जायचं. मोकळ्या आकाशात मस्त चालतं हे. पण दाटी झाली की अडचण, धक्के एकमेकांना खोडतात, ड्रोन मंदावतात, डगमगतात, कारण त्यांना फक्त आत्ताचं दिसतं.

2021 मध्ये याच लॅबच्या एन्रिका सोरिया, फॅब्रिझिओ स्कियानो आणि दारिओ फ्लोरेआनो यांनी या पाच ड्रोनना पुढचं बघायला लावलं. पद्धतीचं नाव मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल. ड्रोन किती जोरात वळू शकतो, अडथळे कुठे आहेत, हे सगळं धरून पुढच्या थोड्या वेळाचा अख्खा मार्ग आखायचा, आणि मग त्यातलं फक्त पहिलं पाऊल टाकायचं. बाकीचा प्लॅन सोडून द्यायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा नवा आखायचा. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, एवढी मेहनत करून काढलेलं उत्तर लगेच टाकून देतात, आणि म्हणूनच चूक साठत जात नाही.

पद्धत जुनीच आहे, 1970 च्या दशकात तेलाच्या रिफायनऱ्यांमध्ये आली. पण तिथे सगळं सावकाश, एखादं तापमान बदलायलाच कितीतरी मिनिटं जायची, त्यामुळे हिशेबाला वेळ मिळायचा. ड्रोनला तेवढ्या वेळात काय, एका सेकंदातच अनेकदा उत्तर लागतं.

आणि खरी गाठ पुढेच आहे. त्या प्रयोगात पाचही जणांचा हिशेब एकाच कॉम्प्युटरवर एकत्र व्हायचा, आता ड्रोन वाढले की गणित फुगत जातं, आणि मधला कॉम्प्युटर बंद पडला तर सगळाच थवा अडकतो. म्हणून 2022 मध्ये याच टीमने प्रत्येकाला आपापला हिशेब दिला, फक्त जवळच्या शेजाऱ्यांची माहिती घेऊन. इथे एक पेच आहे, शेजाऱ्याचा निरोप पोचेपर्यंत थोडा जुना झालेला असतो, त्यामुळे तो कुठे आहे एवढं कळून भागत नाही, तो कुठे जाणार आहे याचाही अंदाज हवा.

त्याच वर्षी चीनच्या झेजियांग विद्यापीठाने दहा ड्रोन खऱ्या बांबूच्या बनात सोडले. मार्ग आखायची त्यांची रीत थोडी वेगळी होती, पण पुढचं बघणं तेच. लॅबमध्ये ड्रोन कुठे आहे ते सांगायला खोलीत कॅमेरे बसवतात तसे इथे नाहीत, जीपीएस नाही, कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही ड्रोनच्याच अंगावर, आणि प्रत्येकजण आपण आखलेली वाट वायरलेसवरून बाकीच्यांना सांगत राहतो. समोर बांबू आला की एकजण वाट बदलतो, नवी वाट लगेच सगळ्यांना कळवतो, आणि ज्याच्या आड ती येते तो आपली बाजूला घेतो.