ऑप्शन फॉर्ममध्ये पहिला नंबर कुणाला द्यायचा? (बारावीवाले आणि त्यांचे आईबाबा, दोघांनी सोबत बसून बघा)

नमस्कार मंडळी! आवाज नीट येतोय ना? बाहेर पाऊस चालू आहे आणि आमच्या धनकवडीत पाऊस आला की समोरच्या पार्किंगचा पत्रा वाजतोच, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

तर बारावीचा रिझल्ट लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले, पेढे वाटून झाले किंवा नाही झाले, आणि आता सगळ्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या घरात एकच शब्द, कॅप, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या जागा मेरिटने एकत्र वाटणारी सरकारी प्रवेश प्रक्रिया. परवा जिन्यात एका काकूंनी मला अडवलं, म्हणाल्या, "अगं, आम्ही तो फॉर्म भरला, कागद अपलोड केले, आता मेसेज येईल ना कॉलेजचा?" काकू, तो नुसता रजिस्ट्रेशनचा फॉर्म. त्यानंतर कागदांची तपासणी, मग कच्ची मेरिट लिस्ट, तिच्यात चूक असेल तर तक्रार, मग पक्की लिस्ट, आणि त्यानंतर येतो तो ऑप्शन फॉर्म, म्हणजे हवी ती कॉलेजं आणि ब्रांच क्रमाने लिहायची यादी. खरा खेळ तिथे आहे. आणि तिथेच हुशार हुशार माणसं गंडतात.

आमच्याच बिल्डिंगमधली गोष्ट सांगते, नाव नाही सांगणार. मुलाला बरे पर्सेंटाइल होते, हवं ते कॉलेज अगदी बॉर्डरवर होतं. वडिलांनी काय केलं, की पहिल्या नंबरला नक्की मिळेल असं कॉलेज टाकलं, का तर "एक तरी हातात राहू दे, मोठं पुढच्या राउंडला बघू." पहिल्या राउंडला तेच कॉलेज लागलं, घरात आनंदीआनंद, आणि संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की पहिला ऑप्शन लागला म्हणजे सीट ऑटो-फ्रीझ, आता पुढच्या राउंडला तुम्ही नाहीच. दुसऱ्या राउंडला त्याला हवं असलेलं कॉलेज त्याच्यापेक्षा खालच्या मेरिट नंबरला मिळालं. त्या घरात मग आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मला त्या वडिलांचा रागही येत नाही खरं तर. आपल्या पिढीच्या डोक्यात रांग बसलीय. रॉकेलची रांग, गॅसची रांग, एका खिडकीवर उभे राहिलो की दुसऱ्या खिडकीवरचा नंबर गेला. त्यामुळे त्यांना वाटतं की वरती मोठं कॉलेज लिहिलं आणि ते नाही मिळालं, तर तेवढ्यात खालचं कॉलेज दुसरा कुणीतरी घेऊन जाईल. असं होत नाही! सिस्टिम आधी मेरिट नंबर बघते. तुमच्या पुढे जेवढे आहेत त्यांच्या सीटा देऊन झाल्या की तुमचा नंबर येतो, मग तुमची यादी वरून खाली वाचली जाते, पहिलं शिल्लक आहे का, नाही, दुसरं, नाही, तिसरं आहे, घ्या. हे सगळं तुमच्या मागच्या माणसाकडे बघायच्या आत होतं. म्हणजे वरती दहा "हे काही मिळणार नाही" वाली कॉलेजं लिहिलीत तरी अकराव्याचा तुमचा हक्क एक इंचही कमी होत नाही.

म्हणून यादी आवडीने लावायची. मिळेल की नाही ह्या हिशोबाने फक्त एवढं बघायचं की ती खालपर्यंत पुरेशी लांब आहे. 300 पर्यंत ऑप्शन भरता येतात, फुकट आहेत, आणि लोक आठ भरून उठतात! तुम्ही तीस-चाळीस तरी भरा. पण जिथे काही झालं तरी जाणार नाही ते कॉलेज मात्र यादीत नकोच, कारण लागलं की रडारड.

आता ऑटो-फ्रीझचं नीट ऐका. 2025 च्या प्रवेशात चार राउंड होते, आणि पहिल्या राउंडला एक नंबरचा ऑप्शन लागला तर फ्रीझ, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी लागला तर फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे वरचे सहा हे असेच हवेत की त्यातलं कुठलंही लागलं तरी पोरगं हसत बॅग भरेल. त्याच्या खालचं काही लागलं तर सीट स्वीकारायची, बेटरमेंट घ्यायचं, म्हणजे ती हातात ठेवून वरच्या ऑप्शनसाठी थांबायचं, आणि पुढच्या राउंडला वरचं मिळालं की जुनी सीट आपोआप सुटते, परत मागता येत नाही. हे आकडे दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे सीईटी सेलचं, म्हणजे हे प्रवेश बघणाऱ्या सरकारी ऑफिसचं, त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून तेवढी दोन पानं स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नको.

मग आवड ठरवायची कशी, तर लोक कटऑफची पीडीएफ उघडतात आणि चुकीच्या रकान्यात बघतात. जीओपेन म्हणजे ओपन जनरल, एलओपेन म्हणजे ओपनमधल्या मुलींसाठीच्या राखीव जागा. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाच्या भागात आहे तिथलीच मुलं, ओ असेल तर बाहेरच्या युनिव्हर्सिटीवाले, एस म्हणजे राज्य पातळी. मुलीचे बाबा जीओपेन बघून "आपलं काही होत नाही" म्हणून बसलेत आणि शेजारच्या एलओपेनमध्ये तिचा नंबर आरामात बसतोय, हे मी दोनदा पाहिलंय. आणि पर्सेंटाइल कमी बघा, मेरिट नंबर बघा. पर्सेंटाइल तेच राहिलं तरी वर्षागणिक मेरिट नंबर हलतो, आणि रांगेत तुम्ही कुठे उभे आहात ते नंबर सांगतो.

कॉलेज की ब्रांच, ह्यावर पुण्यात भांडणं होतात, लग्न मोडतील इतकी. सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, 1854 पासूनचं, 2022 मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं, त्या नावापुढे मामा-काका सगळे हात जोडतात, "सीओईपी मिळतंय तर कुठलीही ब्रांच घे." का बाबा? ज्याला मातीचा, काँक्रीटचा कंटाळा येतो त्याने चार वर्षं सिव्हिल करायचं का? आणि उलटंही, कोडिंग आवडत नाही तरी कॉम्प्युटरच हवं म्हणून सगळी यादी कॉम्प्युटरने भरलेली. माझं मत विचाराल तर ब्रांच मुलाची, कॉलेजबद्दल आईबाबांनी बोलावं, आणि बोलायच्या आधी एकदा जाऊन यावं. निगडीत राहणाऱ्याने पीआयसीटी कॉलेजला, म्हणजे आमच्या धनकवडीला, सकाळी आठला पोचून दाखवावं, मेट्रो स्वारगेटपर्यंत आलीय म्हणून थोडं सुसह्य आहे, पण पुढचा सातारा रोड आहेच. रोजचे तीन तास प्रवासात गेले तर अभ्यास कधी?

कागदांचं पटकन सांगते. ओबीसी वगैरेंना लागणारं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र चालू शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं, जुनं घेऊन जाल तर ओपनमध्ये ढकलतात. एससी, एसटी, ओबीसी सगळ्यांना जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, नुसता दाखला नाही, आणि पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे अकरावीवाल्यांनी हा व्हिडिओ बघत असाल तर आजच अर्ज करा. नॅशनॅलिटीसाठी वेगळी धावपळ करायच्या आधी शाळा सोडल्याचा दाखला बघा, त्यावर भारतीय लिहिलं असेल तर काम झालं.

पैशांचं मात्र थांबून ऐका. घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात, मंजूर जागांच्या वर 5 टक्के, ट्यूशन फी माफ. पण त्याचा चॉइस कोड, म्हणजे यादीत लिहायचा कॉलेज-ब्रांचचा नंबर, वेगळा असतो, शेवटी टी असतो, आणि तो तुम्ही स्वतः यादीत लिहिला नाहीत तर सिस्टिम आपणहून काही देत नाही. साध्या कोडच्या वर तो टाका. मुलींसाठी तर 2024 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी आणि 8 लाखांच्या आतलं उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंटच्या सीटवर गेलात की हे सगळं विसरा, आणि नेमकं हेच एजंट सांगत नाही. सध्या पुण्यात ज्याला त्याला "काका, एक सीट आहे, आज टोकन द्या" असे फोन येतायत. इन्स्टिट्यूट कोटा, म्हणजे ह्याच मॅनेजमेंटच्या सीटा, कायदेशीर आहे, पण त्याची फीसुद्धा पावतीवर असते. पावतीशिवायच्या डोनेशनवर महाराष्ट्रात 1987 पासून कायद्याने बंदी आहे. असा फोन आला तर फक्त म्हणा, "पावतीवर लिहून द्याल का?" फोन कट होतो, मी करून बघितलंय.

शेवटचं, यादी भरली की प्रिंट काढा, रात्रभर फ्रिजवर लावा, सकाळी मुलाला पेन द्या आणि वरखाली करू द्या. मग कन्फर्म करा. सेव्ह म्हणजे कन्फर्म नव्हे! कन्फर्म न केलेला फॉर्म धरतच नाहीत. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळची वाट बघू नका, तेव्हा साइटवर अख्खा महाराष्ट्र असतो. सायबर कॅफेत भरून घेतलात तर घरी येऊन पासवर्ड बदला.

कमेंटमध्ये मेरिट नंबर, कॅटेगरी आणि वरचे सहा ऑप्शन लिहा, रविवारी बसून उत्तरं देते. फक्त ॲप्लिकेशन आयडी आणि पासवर्ड टाकू नका हो, मागच्या वेळी दोघांनी खरंच टाकला होता.