एक खाट, दोन स्ट्रेचर

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच काय, पार बालाघाट-छिंदवाड्याचे रुग्णही नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत येतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी "नागपूरला न्या" म्हटलं की घरचे काय ते समजतात.

आणि मग अशी एखादी रात्र येते. अतिदक्षता विभागात खाट एकच रिकामी. दाराबाहेर स्ट्रेचर दोन.

पहिल्यावर तरुण शेतमजूर. जमिनीवर झोपला होता, मण्यार चावली. ना सूज, ना फारसं दुखणं. पण पापण्या मिटल्या, छाती हलेना. भाऊ उशाशी उभा राहून अम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबतोय. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. हात भरून आला की वहिनी घेते. त्याचे स्नायू लुळे पडलेत, शुद्ध मात्र असू शकते. आपल्याबद्दल चाललेलं सगळं तो कदाचित ऐकतोय.

दुसऱ्यावर आजोबा. कॅन्सर सगळीकडे पसरलेला. मुलगा हात जोडतो, "डॉक्टरसाहेब, काहीतरी करा ना जी."

आधी कोण आलं, कोणासाठी कोणाचा फोन आला, यावर हे ठरता कामा नये. काही दिवस व्हेंटिलेटर मिळाला तर मण्यारीचा रुग्ण पायी घरी जाऊ शकतो. आजोबांचं मरण मशीन फक्त लांबवेल. २४ तज्ज्ञांनी तयार केलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २०२४ मध्ये समोर आल्या. उपचारांचा उपयोग नाही असा अखेरचा आजार असेल, किंवा रुग्णाचा, नातेवाइकांचा नकार असेल, तर अतिदक्षता विभागात घेऊ नये, असं त्या सांगतात. प्रश्न वयाचा नाही. हेच आजोबा एरवी धडधाकट असते आणि न्यूमोनियाने आले असते, तर हिशेब वेगळा झाला असता.

पण खाट एकच का, हेही विचारलंच पाहिजे. रेल्वेतून पडलेल्या बंगालच्या एका जखमीला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही.

निर्णय एकट्या निवासी डॉक्टरवर टाकणं अन्याय आहे. वरिष्ठांना फोन लावायचा, कारण फायलीत लिहायचं. आणि आत घेत नाही म्हणजे घेऊन जा, असं नव्हे.

पहिलं स्ट्रेचर आत जातं. डॉक्टर स्टूल ओढून मुलाशेजारी बसते.

"बाबांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय, ते सांगा आधी."