शिवी कुठून येते?

श्रोतेहो, नमस्कार.

शिवी कानावर पडली की राग येतो, पण ती आली कुठून हे आपण क्वचितच विचारतो. आज तेच विचारू या.

प्राचीन ग्रीकांना परक्यांचं बोलणं नुसतं ‘बर बर’ ऐकू येई, म्हणून ग्रीक न बोलणारा तो ‘बार्बारोस’. संस्कृतातला ‘म्लेच्छ’ही मुळात अस्पष्ट, अशुद्ध बोलणारा. रशियन माणूस जर्मनाला ‘न्येमेत्स’ म्हणतो. आज त्यात अपमान नाही, पण शब्दाच्या मुळाशी आहे ‘मुका’. भाषा आपल्याला कळत नाही आणि दोष मात्र समोरच्याच्या जिभेला!

काही शब्द तर चांगले असून बाटवले गेले. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक सांगतो, की राजा सर्व ‘पासंडां’चा सन्मान करतो. पासंड म्हणजे तेव्हा साधा पंथ. त्याचाच पुढे ‘पाखंड’ झाला, ढोंग आणि धर्मबुडवेपणा. अशोकाची स्वतःची पदवी ‘देवानांप्रिय’, तिचाही अर्थ संस्कृत व्याकरणकारांनी ‘मूर्ख’ असा नोंदवला.

पण मला आज खरं बोलायचंय ते ‘परिया’बद्दल. एखादा देश जगात एकटा पडला की इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला बिनदिक्कत ‘परिया’ म्हणतात. हे तमिळनाडूतल्या एका जातीचं नाव आहे, परैयर. बहुतेक अभ्यासक ते ‘परै’ या चामड्याच्या वाद्याशी जोडतात. ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांचं नाव युरोपीयांनी उचललं आणि ‘बहिष्कृत’ या अर्थानं जगभर नेलं. एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तेच नाव दिलं, ‘परिया डॉग’. आजही श्वानप्रेमी सहज तसं म्हणतात. मला हे फार लागतं.

आणि तमिळनाडूपर्यंत जायला नको. नसत्या खोलात शिरून विचारपूस केली की आपण काय म्हणतो? चांभारचौकशी. शिकलेल्या घरांत, हसत हसत. चामडं कमावून ज्यांनी आपल्या पायांत वहाणा घातल्या, त्यांच्या नावाचा हा उपयोग! ‘नसत्या चौकशा’ म्हटलं तर काय अडतं?

ज्यांना हे शब्द झेलावे लागले, ते मात्र गप्प बसले नव्हते. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी 1893 मध्ये मद्रासला तमिळ वृत्तपत्र काढलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘परैयन’. जे नाव उच्चारून लोक तोंड फिरवत, ते मथळ्यावर छापून त्यांनी लोकांच्या हातात दिलं. 1927 मध्ये मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, ‘बहिष्कृत भारत’. आणि 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून जे दोघे बसले, ते हेच, श्रीनिवासन आणि आंबेडकर.

नमस्कार.