साडेचारशे वर्षं, पण कुठली?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. मंडळाने 'गोव्याबद्दल दोन शब्द बोला' म्हटलं, तर एका वाक्याबद्दलच बोलतो. 'पोर्तुगीजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं.' ऑनलाइन ज्ञानकोशांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हेच ऐकू येतं. १५१० ते १९६१, हिशेब चोख. पण तो तिसवाडीचा, म्हणजे पणजी-जुन्या गोव्याकडच्या तालुक्याचा! आमचं फोंडं त्यांच्या हाती पडलं १७६३ साली, पेडणं १७८८ साली. आमच्याकडे दोनशेही भरत नाहीत. म्हणून तर जुन्या काबिजादी (आधी जिंकलेला मुलूख) आणि नव्या काबिजादी (नंतर जिंकलेला) असे शब्द आले.

सोळाव्या शतकात गोव्यातल्या सासष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी नदी ओलांडून फोंड्यात आली. कारण फोंड्यात पोर्तुगीज नव्हते, आदिलशाही होती. आज पर्यटक मंगेशीची दीपमाळ बघतात, फोटो काढतात. देव तिथे का आला, हे 'साडेचारशे वर्षं' म्हणणाऱ्या लेखातून त्यांना कळायचंच नाही.

मी हे एका ज्ञानकोशात घातलं. दुसऱ्या दिवशी उडालं. दोन दिवस चडफडलो. मग संदर्भाच्या जागी स्वतःच काय लिहिलंय ते वाचलं: 'आजी सांगायची'. आजी खोटं बोलत नसे, पण तिचा पान क्रमांक कुठून आणायचा? उडवणाऱ्याचं बरोबर होतं. संदर्भ छापील हवा. कोकणी विश्वकोशाचे खंड गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केलेत. मराठी-कोकणी वाद जरा बाजूला ठेवून ते उघडायला हरकत नाही.

आणखी एक. वसाहतोत्तर विचारांवर, म्हणजे परकी राजवट माणसांवर काय परिणाम करून जाते यावर, लिहायला बसलो की आपण फ्रांझ फॅनॉन आणि एडवर्ड सईद या विचारवंतांपासून सुरुवात करतो. करावी. पण परकी सत्ता माणसाला मनानेही परका करते, हे गोवा मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांनी गोमंतकीयांबद्दल १९४४ सालीच पुस्तिकेत मांडलं होतं. फॅनॉनचं पहिलं पुस्तक आलं १९५२ला. १९४६ साली लष्करी न्यायालयाने कुन्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. त्यांच्यावर मराठीत भरघोस लेख हवा, आणि ज्यांना पोर्तुगीज वाचता येतं त्यांनी तो अंगावर घ्यावा.

चहानंतर ज्ञानकोशात लिहायला मागच्या खोलीत लॅपटॉप लावलेत. १७६३ मी घेतो. पेडण्याची मंडळी शेवटच्या रांगेत दिसताहेत, त्यांनी १७८८ घ्यावं.