पाठीला डोळे असलेले शिक्षक

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय सरकारी शाळांमधल्या शिस्तीबद्दल. हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, छडी गेली आणि पोरं डोक्यावर बसली. दुसरा म्हणतो, प्रेमाने समजावलं की मूल ऐकतंच. दोघांचं भांडण असतं ते मुलाने खोडी काढल्यानंतर काय करायचं यावर. खोडीच्या आधीची पाच मिनिटं कोणी बघत नाही. मला आज त्या पाच मिनिटांबद्दल बोलायचंय.

कायद्याचं आधी उरकून टाकतो. पोलंडने शाळेतला मार 1783 मध्येच बंद केला. स्वीडनने 1958 मध्ये. ब्रिटनच्या सरकारी शाळांत तो थांबायला 1987 उजाडलं. आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. दोन्हींवर, हे लक्षात ठेवा; टोचून बोलणंही त्यात येतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1977 मध्ये सांगितलं की क्रूर शिक्षेविरुद्धची घटनेतली तरतूद शाळेतल्या माराला लागू नाही. तिथल्या काही राज्यांत मार आजही कायदेशीर आहे. झालं कायद्याचं.

आता ती गोष्ट. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी हा विषय घेतला.

जेकब कुनिन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठातले. एकदा ते वर्गात शिकवत होते, आणि विषय काय, तर मानसिक आरोग्य. शिकवता शिकवता त्यांची नजर मागच्या ओळीत गेली. तिथे एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता. लपूनछपून नव्हे हं, बाकाखाली धरून नव्हे. अख्खं वर्तमानपत्र तोंडासमोर उघडून, बैठकीच्या खोलीत बसावं तसा. कुनिन भडकले. मानसिक आरोग्य राहिलं बाजूला, त्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. वर्तमानपत्र मिटलं.

इथपर्यंत विशेष काही नाही. असं कुठल्याही वर्गात होतं. पण कुनिन यांचं लक्ष गेलं बाकीच्यांकडे, ज्यांना ते अवाक्षरही बोलले नव्हते. कुजबुज थांबलेली. शेजाऱ्याकडे तिरकं बघणं बंद. खिडकीबाहेर लागलेल्या नजरा थेट वहीवर आलेल्या. बोलणी खाल्ली एकाने आणि सरळ झाला सगळा वर्ग!

दुसरा कोणी असता तर खूश होऊन घरी गेला असता. कुनिन संशोधक माणूस. त्यांना प्रश्न पडला, एकाला रागावलं की इतरांवर नेमकं काय होतं? आणि रागवायची कुठली पद्धत जास्त चालते? पॉल गम्प या सहकाऱ्याबरोबर ते बालवर्गांत गेले आणि 1958 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. काय चुकलं आणि आता काय करायचं, हे स्पष्ट सांगितलं की बघणारी मुलंही ऐकायची. नुसतं खेकसलं, दंडाला धरून हिसकलं, की बघणारी मुलं बिचकायची, कामातून त्यांचं लक्ष उडायचं, पण वागणं सुधारायचं नाही.

पुढे कुनिननी प्राथमिक वर्गांत कॅमेरे लावले आणि ते चित्रण बसून पाहिलं. ज्या वर्गात मुलं कामात गुंतलेली असतात तिथले शिक्षक रागवतात कसे, हे त्यांना शोधायचं होतं. आणि गंमत बघा. रागवण्याच्या पद्धतीचा आणि वर्गाच्या एकूण वागण्याचा काही संबंधच लागेना. कडक, मऊ, रागीट, शांत, कशानेच फरक पडत नव्हता. पुन्हा सांगतो, कशानेच नाही. ज्या प्रश्नावर इतकी वर्षं घालवली, तो प्रश्नच निरुपयोगी निघाला. 1970 च्या पुस्तकात त्यांनी तसं सरळ लिहून टाकलं. हे मला फार आवडतं. आजकाल संशोधन कमी आणि त्याचा गाजावाजा जास्त. पण ते असो.

मग फरक कशाने पडत होता? एक म्हणजे, शिक्षकाच्या पाठीला डोळे आहेत असं मुलांना वाटतंय की नाही. वर्गात काय चाललंय ते शिक्षकाला कळतं, आणि कळतं हे मुलांना दिसतं. मागे दोघांची मारामारी जुंपलेली असताना पुढच्या बाकावर कुजबुजणाऱ्या मुलीला उभं केलं, की सगळा वर्ग ओळखतो, यांना काही दिसत नाही. चुकीच्या मुलाला पकडणं किंवा फार उशिरा पकडणं, दोन्ही सारखंच महाग पडतं.

म्हणून संपूर्ण वर्गाला शिक्षा मला अजिबात पटत नाही. 'कोणी केलं सांगा, नाहीतर सगळे उभे राहा.' म्हणजे शिक्षक जाहीरच करतात की मला दिसलं नाही. तसंच ते मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. नऊ वर्षांच्या पोराला फौजदार कशाला करायचं? मित्राचं नाव तो कधीच लिहीत नाही, हे सगळ्या वर्गाला माहीत असतं.

दुसरं म्हणजे ओघ. बाई गणित समजावताहेत, मुलं ऐकताहेत, आणि मध्येच त्यांना जमिनीवर पडलेली कागदी पिशवी दिसते. 'ही कुणी टाकली इथे?' चौकशी सुरू. पिशवी कुणालाच नडत नव्हती, पण गणित गेलं. किंवा, वह्या दप्तरात ठेवा, वाचनाची पुस्तकं काढा. निम्म्या मुलांची पुस्तकं बाहेर आली, आणि तेवढ्यात, 'अरे, गणितं किती जणांची बरोबर आली? हात वर करा.' आता निम्मी मुलं दप्तरात, निम्मी हात वर करून. खोडी काढायला याहून चांगला मुहूर्त कुठला? ही दोन्ही उदाहरणं कुनिन यांच्या चित्रणातली आहेत, माझी नाहीत.

हे सगळं संपूर्ण वर्गाबद्दल झालं, हेही सांगायला हवं. ज्या मुलाला घरी मार बसतो, किंवा ज्याला फळ्यावरचं दिसतच नाही आणि म्हणून तो चुळबुळ करतो, त्याला नुसतं ओघवतं शिकवणं पुरणार नाही. त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं, बहुधा तास संपल्यावर, एकट्याशी. आणि तो वेळ मधल्या सुट्टीतून कापू नका. सगळ्यात जास्त चुळबुळ करणाऱ्याचीच सुट्टी कापायची, हा उलटा न्याय मला कधी कळलेला नाही.

पालक श्रोत्यांनो, पुढच्या वेळी शाळेत गेलात तर परवानगी घेऊन वर्गाच्या दाराशी जरा उभे राहा. शिक्षक किती वेळा ओरडतात ते मोजू नका. ते फळ्यावर लिहीत असताना, मागे न वळता त्यांनी एखाद्या मुलाचं नाव घेतलं, तर नाव बरोबर मुलाचं घेतलं का, तेवढं पाहा. नमस्कार.