साईड लोअर, पण समुद्रावरची

नमस्कार. मे महिन्यातल्या संध्याकाळी घरचा कूलर सोडून एवढी मंडळी समुद्राबद्दल ऐकायला आलीत, याचं कौतुक वाटतं. ज्या गावातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांबच राहतो, त्या गावात क्रूझवर व्याख्यान म्हणजे कोकणात संत्र्याच्या बागेवर भाषण देण्यासारखं आहे. तरी मागच्या रांगेपर्यंत खुर्च्या भरल्यात, म्हणजे अर्ध्यांची तिकिटं काढून झालेली असणार आणि उरलेल्या अर्ध्यांना मुलांनी भरीस घातलेलं असणार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘क्रूझवरच्या न सांगितल्या जाणाऱ्या सवलती’. सवलतींकडे येतोच. त्याआधी एक तक्रार मांडतो, लहानशीच आहे.

नागपूरचा माणूस रेल्वेच्या बाबतीत तज्ज्ञ असतो. मुंबईचं तिकीट काढताना त्याला डबा मधला लागतो. थ्री एसीतली ७१ आणि ७२ नको, कारण दार रात्रभर आपटतं. साईड अपर नको, कारण पाय दुमडतात. आईला लोअर, मुलांना अपर, चार्ट किती वाजता लागतो ते तोंडपाठ. एका रात्रीच्या झोपेसाठी एवढा अभ्यास! आणि हाच माणूस सात रात्रींच्या क्रूझला माणशी लाखभर मोजताना एजंटला एकच प्रश्न विचारतो, “व्हेज मिळेल ना जी?” खोली जहाजात कुठे आहे, वर काय, खाली काय, काही विचारत नाही. एजंट सांगतो ‘बाल्कनी’, आणि घरात आनंदीआनंद.

माझं म्हणणं असं की रेल्वेचं हे सगळं शहाणपण जहाजावर जसंच्या तसं चालतं. फक्त चार्टच्या जागी डेक प्लॅन येतो. जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो मोबाइलवर बघत बसू नका. ए-फोर कागदावर छापून घ्या आणि मजले एकावर एक ठेवून उजेडात धरा. का, ते सांगतो.

आधी हलण्याबद्दल. एसटीत शेवटच्या बाकावर बसलं की प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला लागतं आणि दोन चाकांच्या मधल्या बाकावरचा माणूस मात्र डुलक्या घेतो. जहाजाचं तेच. लाटेवर त्याचं पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली येतं, आणि मध्यभाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. दुसरं हलणं आडवं, डावीकडून उजवीकडे. ते जितकं वर जाल तितकं वाढतं, झाडाचा शेंडा खोडापेक्षा जास्त झुलतो तसं. तेव्हा मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात स्थिर. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात त्यांना. ते आडवं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढे-मागे होणाऱ्या हेलकाव्यावर त्यांचा इलाज चालत नाही. शिवाय विमानाच्या पंखासारखे ते वेगावर काम करतात, त्यामुळे जहाज हळू झालं की त्यांचा जोरही उतरतो.

आता गंमत बघा. सगळ्यात महाग सुइट असतात वरच्या मजल्यांवर, म्हणजे जास्त डोलणाऱ्या जागी. आणि स्वस्तात मिळते ती खालच्या मजल्यावरची, मधली, बिनखिडकीची खोली, जिच्याकडे बघून आपण नाक मुरडतो. ज्याला गाडी लागते, त्याच्यासाठी स्वस्त खोलीच खरी राजेशाही आहे. जहाजावरची ही पहिली सवलत, आणि ती कोणीच सांगत नाही, कारण सांगून विकणाऱ्याचं नुकसान होतं. बिनखिडकीच्या खोलीत सकाळ झालेली कळत नाही, ही तक्रार खरी आहे. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनलवर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र दिवसरात्र चालू असतं. आवाज बंद करून ते लावून ठेवा. रात्री अंधार, पहाटे उजेड, फुकटची खिडकी.

आता ते एकावर एक ठेवलेले कागद. तुमच्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच हव्यात. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे पाचला कर्मचारी डेक धुतात आणि आरामखुर्च्या ओढतात. ती घरघर थेट उशाशी येते. वर बुफे असेल तर ट्रॉल्या. खाली थिएटर किंवा नाचाचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. नकाशावर आपल्या शेजारी पांढरी कोरी जागा दिसली तर ती रिकामी नसते. तिथे बहुधा कर्मचाऱ्यांची भांडारखोली किंवा त्यांची लिफ्ट असते. दोन खोल्यांना जोडणारं दार दाखवलं असेल आणि पलीकडे ओळखीचं कुणी नसेल तर ती टाळा, दारातून घोरणंही ऐकू येतं. अगदी पुढे, खालच्या मजल्यावर राहिलात तर जहाज बंदराला लागताना पहाटे थ्रस्टरची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची थरथर, आणि नांगर टाकला तर साखळीचा खडखडाट. अगदी मागे इंजिनाची कंपनं, पण तिथल्या बाल्कन्या कधीकधी मोठ्या असतात आणि मागे उमटत जाणारी फेसाची वाट दिसते. ज्याला झोप गाढ लागते त्याने खुशाल घ्यावी.

‘गॅरंटी’ नावाची खोली विकतात, तिचा अर्थही लक्षात घ्या. वर्ग पक्का, नंबर मात्र कंपनी देईल तो. म्हणजे तिकीट कन्फर्म पण बर्थ नंबर चार्ट लागल्यावर. चार पैसे वाचतात, क्वचित वरचा वर्गही मिळतो, पण वर सांगितलेला सगळा अभ्यास पाण्यात. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट लटकलेली. उजेड मिळतो, देखावा अर्धा, दर कमी.

जाता जाता, अनेक जहाजांवर तेरावा मजला नसतो, बारानंतर चौदा. इटालियन लोकांना सतरा अशुभ, म्हणून एमएससी कंपनीच्या जहाजांवर सतरावा नाही. आपण उगाच बदनाम आहोत, लिंबू-मिरची सगळ्यांच्याच दाराला आहे.

(हशा)

चार्टनंतर घड्याळ. इथे माणसं सगळ्यात जास्त फसतात. जहाजाची स्वतःची एक वेळ असते आणि बंदरावरच्या देशाची वेगळी असू शकते. बंदराजवळ मोबाइलला टॉवर मिळतो आणि फोन गुपचूप स्थानिक वेळ दाखवायला लागतो. तुम्ही निवांत नारळपाणी पिताय आणि जहाजावर मात्र एक तास पुढे गेलाय. म्हणून उतरताना जहाजाची वेळ हातातल्या साध्या, चावीच्या किंवा सेलच्या घड्याळात लावून घ्या. परतण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते, कधी त्याहूनही आधीची. कंपनीच्या सहलीला गेलात आणि बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर कंपनी पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवते. स्वतः रिक्षा करून गेलात तर थांबत नाही. बंदरात उभं राहण्याचे पैसे लागतात आणि पुढच्या बंदरातली जागा ठरलेल्या वेळेचीच असते. सुटायची वेळ झाली आणि तुम्ही दिसला नाहीत की बहुधा खोलीची तिजोरी उघडून पासपोर्ट शोधतात आणि बंदरातल्या एजंटकडे देऊन जातात. म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी लपवू नका, तिजोरीतच ठेवा. त्याची छायाप्रत आणि कंपनीच्या स्थानिक एजंटचा नंबर खिशात. तो नंबर रोजच्या छापील पत्रकावर किंवा ॲपवर असतो.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक पाचर आहे. तिथे १८८६ सालचा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाने प्रवासी एका अमेरिकी बंदरातून चढवून दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचे नाहीत, आणि त्याच बंदरात परत आणायचे तरी मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यायचं, नाहीतर दंड होतो. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याचीच. म्हणूनच सिॲटलहून अलास्काला जाऊन परत येणारी जहाजं मध्येच कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, संध्याकाळचे काही तास थांबतात. लोक म्हणतात, कसली ही बंदरभेट, बागासुद्धा अंधारात बघायच्या. ती भेट बागेसाठी नाहीच, कायद्यासाठी आहे. आणि आपल्याला त्याचा अर्थ असा की अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचाही लागतो, मग तुम्ही उतरा की न उतरा.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर, भारतीय पासपोर्टवाल्यांचा सगळ्यात मोठा खड्डा हाच. अथेन्सहून निघालात, मध्ये तुर्कस्तानातलं कुशादासी, परत अथेन्स. तुर्कस्तानाला गेलात म्हणजे शेंगेनच्या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटाच्या, बाहेर गेलात, म्हणजे परत येणं हा दुसरा प्रवेश. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर पहिल्याच दिवशी काउंटरवर अडवतात, पैसे परत नाहीत. नॉर्वेच्या स्वालबार्डला जाणारी सहलही तशीच, बेटं नॉर्वेची पण शेंगेनबाहेरची. उलट क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलाय, जुनी माहितीपत्रकं बघून घाबरू नका. सिंगापूर-पेनांग-सिंगापूरलाही हाच हिशेब. बंदरांची यादी घ्या, प्रत्येक नावापुढे देश लिहा, आणि आपण शेंगेनमध्ये किंवा सिंगापुरात किती वेळा शिरतो ते मोजा.

आणि विमान? नागपूरहून मुंबई, मुंबईहून पुढे, म्हणजे दोन ठिकाणी उशीर व्हायची सोय. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या गावात पोहोचा. बंदरावरचा काउंटर जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतो, आणि तिथे टीसीला हात जोडून चालत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. “दहा मिनिटं.” अजून सवलती सुरूच व्हायच्या आहेत! पण दोन मिनिटं एका गोष्टीला देणारच. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकाला लागून कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षा-सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात तो २४ तासांत घ्यायची मुभा होती. आता तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. बुफेत बसून ऐकू नका. आपलं जमायचं ठिकाण एकदा चालत जाऊन बघा, लिफ्टने नव्हे, जिन्याने.

आता सवलती, भराभर. लिहून घ्या.

शेअर. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्यांचे किमान १०० शेअर तुमच्या नावावर असतील, तर त्यांच्या जहाजांवर खर्चायला ऑनबोर्ड क्रेडिट मिळतं. रक्कम प्रवासाच्या दिवसांवर ठरते. आपोआप मिळत नाही. शेअर असलेल्या ब्रोकरच्या खात्याचा उतारा जोडून निघण्याच्या काही आठवडे आधी अर्ज करावा लागतो. अटी बदलतात, अर्जाआधी वाचून घ्या. मात्र क्रेडिटसाठी शेअर घेऊ नका, असतील तर सोडू नका.

दर. पूर्ण पैसे भरायची शेवटची तारीख साधारण ७५ ते ९० दिवस आधीची असते. तोवर आठवड्यातून एकदा दर बघा. उतरला असेल तर एजंटला फोन करून नव्या दराने बुकिंग लावून घ्या. त्या तारखेनंतर फार तर क्रेडिट मागता येतं.

टिप. अमेरिकी कंपन्यांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लागतात, लहान मुलांनाही. १८ धरले तर चौघांचं सात दिवसांचं ५०४ डॉलर होतं. ते जाहिरातीतल्या दरात नसतं.

जेवण. पहिल्या दुपारी सगळं जहाज बुफेवर तुटून पडतं. त्या वेळी मोठं डायनिंग हॉल उघडं आहे का विचारा, बऱ्याचदा असतं आणि रिकामं असतं. तिथे एकाऐवजी दोन स्टार्टर मागितले तरी जास्त पैसे नाहीत. स्वयंपाकघरात भारतीय आचारी पुष्कळदा असतात. पहिल्या रात्री हेडवेटरला सांगून ठेवलंत तर दुसऱ्या रात्री यादीत नसलेलं वरण-भाजी टेबलावर येतं. जैन जेवण मात्र महिनाभर आधी लेखी कळवा.

वीज. किटली आणि इस्त्री आगीच्या भीतीने काढून घेतात, उतरताना देतात. सर्ज प्रोटेक्टरची पट्टीही नको. जहाजाच्या वायरिंगमध्ये घरासारखी एक वायर अर्थशी बांधलेली नसते, बिघाड झाला तर ती पट्टी तापून पेटू शकते. साधा यूएसबी चार्जर न्या.

भिंती. पोलादाच्या असतात. चुंबकाचे हुक सहा न्या, ओले टॉवेल टांगायला खोलीत दुसरी जागा नाही.

फोन. बंदर सोडताना फ्लाइट मोड. नाहीतर तो जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जुळतो आणि बिल बघून खरं वादळ येतं.

हात. नोरोव्हायरसवर, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या विषाणूवर, सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि पाणी, वीस सेकंद. गाडी लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू व्हायच्या आधी. नंतर घेतली तर ती पोटात टिकत नाही. आपला आलेपाक चालतो, जहाजावर हिरवी सफरचंदं देतात.

बाथरूम. जेट स्प्रे बहुतेक जहाजांवर नसतो. आता हसताय, तिथे रडाल. दाबून पाणी येणारी प्लास्टिकची बाटली न्या. फ्लश हवेच्या ओढीचा असतो. त्यात टिश्यूशिवाय काही टाकलं की एकट्याचं नाही, त्या रांगेतल्या सगळ्या खोल्यांचं तुंबतं.

बंदराचा दिवस. सगळे उतरतात तेव्हा तलाव रिकामा, स्पावर सूट. आधी पाहिलेलं बंदर असेल तर जहाजावरच राहा.

आता खरंच शेवटचं, चहा आलाय. पहिल्या दिवशी मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. आणि शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, बहुधा अकराच्या आत, मग त्या थेट बंदरावर मिळतात. त्यात बायका नीट घड्या घालून सगळं भरतात, अगदी सगळं. सकाळी नवरा रात्रीच्या लेंग्यात परदेशी इमिग्रेशनच्या रांगेत उभा. तेव्हा एक पँट आणि चपला बाजूला काढल्या आहेत ना, ते बघूनच बॅगेला कुलूप लावा.